फोनच्या कॅमेऱ्यातला ‘के’ आणि बोटीवरची डेटा केबल : लॉर्ड केल्विनची गोष्ट



आधी एक छोटं काम करा. फोनचा कॅमेरा उघडा, प्रो मोडमध्ये जा आणि व्हाइट बॅलन्सवर टॅप करा. बऱ्याच फोनमध्ये तिथे ५५०० वगैरे असा एक आकडा दिसतो आणि त्याच्यापुढे ‘के’ हे इंग्रजी अक्षर. आकडा सरकवला की फोटो पिवळट किंवा निळसर होतो, एवढं आपल्याला माहीत असतं. पण हा ‘के’ म्हणजे कोण?

‘के’ म्हणजे केल्विन. कॉलेजात मी त्याला फक्त तापमानाच्या एककापुरता ओळखत होतो. परीक्षेत सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे आणि पुढे जायचं, एवढाच आमचा संबंध. त्याची खरी ओळख झाली ती माझ्या मामांच्या बोटीवर, तेही एका यंत्राची वाट लावल्यानंतर. म्हणून आज त्याची गोष्ट सांगतो. आजच्या बोटींवर डेटा तपासायची जी साधनं वापरतात, त्यांचा खापरपणजोबा म्हणावा असा हा माणूस आहे.

मामांची बोट आणि माझा घोळ

माझे मामा हर्णैचे. मासेमारीचा ट्रॉलर आहे त्यांचा. केबिनमध्ये जीपीएस प्लॉटर आहे, म्हणजे नकाशावर बोट कुठे आहे ते दाखवणारी स्क्रीन. शिवाय फिश फाइंडर आहे, जो पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून खाली किती पाणी आहे आणि मासळी कुठे आहे ते सांगतो. दोन्ही यंत्रं वायरने जोडलेली. फिश फाइंडर खोली मोजतो आणि प्लॉटरला कळवतो, त्यामुळे मामांना एकाच स्क्रीनवर सगळं दिसतं.

एका वर्षी प्लॉटरवरचा खोलीचा आकडा मधूनमधून गायब व्हायला लागला. दिवसा ठीक आहे हो, पण रात्री बंदरात शिरताना खाली खडक आहे की पाणी हे कळलं नाही, तर बोट जाते आणि माणसंही जातात. भाचा कॉम्प्युटरवाला, म्हणून मला बोलावणं आलं.

मी काय केलं? काही न बघताच निदान करून टाकलं. सिग्नल कमजोर आहे, त्याला जोर द्यायला हवा! सिग्नल वाढवणारा एक छोटा डबा आणला, मध्ये जोडला, आणि जोडताना बॅटरीची वायर नको तिथे लागली. प्लॉटरचा तो पोर्ट कायमचा गेला. मामा काही बोलले नाहीत, पण ऐन मोसमात बोट आठ दिवस किनाऱ्याला उभी राहिली. खलाशांचेही ते दिवस बुडाले. त्यांचं न बोलणं मला जास्त लागलं.

मग बंदरावरच्या एका जुन्या इलेक्ट्रिशियनने मला समजावलं की तारेत काही सोडण्याआधी तारेत काय चाललंय ते ऐकायचं असतं. घरी आल्यावर मी या विषयावर वाचत सुटलो, आणि वाचता वाचता थेट १८५८ सालात पोचलो. माझ्यासारखीच चूक तिथे एका माणसाने केली होती, फक्त त्याची वायर अख्ख्या अटलांटिक महासागराएवढी लांब होती.

यंत्रं एकमेकांशी काय बोलतात?

केल्विनकडे जाण्याआधी एवढं समजून घ्या, म्हणजे पुढची गंमत कळेल.

बोटीवरची यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात. त्यांना एकमेकांचं समजावं म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ साली एक ठरलेली भाषा आणली. तिचं नाव एनएमईए ०१८३. वेग सेकंदाला फक्त ४८०० बिट. आपल्या मोबाइल डेटापुढे ही बैलगाडीच, पण आजही चालते.

या भाषेतलं बहुतेक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं. मग कोण बोलतंय आणि कशाबद्दल, याची अक्षरं येतात. त्यानंतर स्वल्पविराम देऊन आकडे, आणि शेवटी एक चांदणी व तिच्यापुढे दोन अक्षरांचा चेकसम. चेकसम म्हणजे वाक्य वाटेत बिघडलं तर नाही ना, हे पडताळायची खूण. किराणा दुकानात बिलाची बेरीज आपण पुन्हा करून बघतो, तसंच. जुळली नाही की वाक्य फेकून द्यायचं.

अलीकडच्या बोटींवर एनएमईए २००० असतं. ते गाड्यांमधल्या कॅन बससारखं, सेकंदाला २,५०,००० बिट वेगाचं. दोन्हींसाठी मॉनिटर करायची साधनं मिळतात. वायरमधून लॅपटॉपला किंवा फोनला जोडणारा कन्व्हर्टर असतो आणि स्क्रीनवर धावणारी वाक्यं दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. ही साधनं चांगली कधी? जेव्हा ती फक्त ऐकतात, मध्ये तोंड घालत नाहीत आणि ऐकलेलं लिहून ठेवतात.

मित्रांनो, या तिन्ही गोष्टी केल्विनने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवल्या होत्या. चला तर मग.

बेलफास्टचा विल्यम

त्याचं मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात. सहा वर्षांचा असताना आई गेली. वडील गणिताचे शिक्षक. १८३२ साली त्यांना स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली आणि सगळं कुटुंब तिकडे गेलं. वडील पोरांना घरीच शिकवायचे. विल्यम दहा वर्षांचा झाला आणि विद्यापीठात दाखल झाला. हो, दहा! आपण तेव्हा पाचवीत असतो.

सोळाव्या वर्षी त्याच्या हाती फ्रेंच गणितज्ञ फूरिये याचं उष्णतेवरचं पुस्तक पडलं. वस्तूच्या एका टोकाला उष्णता दिली तर ती दुसऱ्या टोकाला कशी आणि किती वेळात पोचते, याचं गणित त्यात होतं. पोरगा त्यात पार बुडाला. हे पुस्तक पुढे समुद्राच्या तळाशी उपयोगी पडणार आहे, हे त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं.

केंब्रिजला गेल्यावर तो नुसता पुस्तकात राहिला नाही. त्याला होडी वल्हवायचा नाद लागला आणि १८४३ मध्ये त्याने एकट्याने वल्हवायची शर्यत जिंकली. पाण्याचं हे वेड आयुष्यभर टिकलं. १८४६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी तो ग्लासगोत प्राध्यापक झाला आणि त्याच पदावर ५३ वर्षं राहिला. दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, त्याने तापमानाची ती मोजपट्टी मांडली जिच्यात शून्य म्हणजे खरोखरच तळ. तुमच्या कॅमेऱ्यातला ‘के’ तिथून आला.

समुद्राखालची तार

त्या काळात जमिनीवर तारायंत्र चालू झालं होतं. युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये मात्र समुद्र. पत्र जहाजाने जायचं आणि पोचायला दहा-बारा दिवस सहज लागायचे. मग समुद्राच्या तळाशी तार टाकायची कल्पना निघाली. आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटापासून कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडपर्यंत, साधारण ३,००० किलोमीटर.

अडचण अशी होती की समुद्राखालच्या लांब तारेत सिग्नल पसरतो. एका टोकाला कट्ट करून दाबलेला ठोका दुसऱ्या टोकाला फसकटून, लांबट होऊन येतो. पुढचा ठोका लवकर दाबला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काहीच कळत नाही.

थॉमसनला इथे ते जुनं पुस्तक आठवलं. लोखंडी उलथण्याचं टोक विस्तवात धरा. दांडा लगेच तापत नाही, उष्णता हळूहळू सरकत येते. तारेतली वीजही तशीच सरकते असं त्याने दाखवलं, आणि १८५४-५५ च्या सुमाराला एक नियम काढला. तारेची लांबी दुप्पट केली, तर उशीर दुप्पट नाही, चौपट होतो. तिप्पट केली तर नऊपट. म्हणून तांब्याची तार जाड हवी, वरचं वेष्टण जाड हवं, आणि सिग्नल वाचणारं यंत्र अतिशय हळवं हवं.

हे अटलांटिक टेलिग्राफ कंपनीच्या मुख्य इलेक्ट्रिशियनला पटलं नाही. त्याचं नाव वाइल्डमन व्हाइटहाउस. मूळचा शल्यविशारद, पण विजेचे प्रयोग हौसेने करणारा. त्याने थॉमसनचा नियम जाहीरपणे चुकीचा ठरवला. त्याचं म्हणणं साधं होतं. सिग्नल पोचत नसेल तर मागून जोर वाढवा. शिवाय कंपनीने बारीक तारेची ऑर्डर आधीच देऊन टाकली होती. थॉमसन कंपनीच्या संचालकांपैकी एक होता, तरी त्याचं गणित उशिरा पोचलं.

दोन हजार व्होल्ट आणि एक चिमुकला आरसा

१८५७ सालचा पहिला प्रयत्न तार तुटून फसला. १८५८ च्या उन्हाळ्यात ॲगामेम्नॉन आणि नायगारा ही दोन जहाजं पुन्हा निघाली. व्हाइटहाउस तब्येतीचं कारण देऊन किनाऱ्यावर राहिला. थॉमसन ॲगामेम्नॉनवर चढला, तोही बिनपगारी. जूनमध्ये त्या जहाजाला असं वादळ लागलं की ते उलटायचंच बाकी राहिलं होतं. त्यानंतर तार वारंवार तुटली. पण जुलैच्या शेवटी भर समुद्रात दोन्ही जहाजांवरच्या तारा जोडल्या, आणि एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे, अशी ती निघाली.

जहाजं लांब जात असताना तार शाबूत आहे की नाही हे कसं कळणार? त्यासाठी थॉमसनने स्वतःचं यंत्र आणलं होतं, मिरर गॅल्व्हानोमीटर. तारेच्या बारीक गुंडाळीमध्ये रेशमाच्या धाग्याने एक चिमुकला आरसा टांगलेला. आरशाच्या पाठीला इवलेसे चुंबक चिकटवलेले. गुंडाळीतून नावापुरती जरी वीज गेली, तरी आरसा किंचित वळायचा. समोरच्या दिव्याचा प्रकाश आरशावर पडून लांबच्या पट्टीवर ठिपका उमटायचा. आरसा केसभर हलला, तरी ठिपका पट्टीवर चांगला दिसेल एवढा सरकायचा. डावीकडे एक खूण, उजवीकडे दुसरी.

यातली युक्ती लक्षात आली का? काटा लावला असता तर काट्याला वजन असतं. प्रकाशाला वजन नाही. म्हणजे बघण्यासाठी सिग्नलमधली ताकद जवळजवळ खर्चच होत नाही.

जहाजांवर हा ठिपका अखंड पाहिला जात होता. एकदा तो थांबला. सगळ्यांना वाटलं, झालं, तार गेली. थोड्या वेळाने ठिपका परत हलायला लागला. ५ ऑगस्ट १८५८ ला तार दोन्ही किनाऱ्यांना लागली.

किनाऱ्यावर सूत्रं व्हाइटहाउसच्या हातात गेली. पाच फूट लांबीची मोठमोठी कॉइल लावून त्याने तारेत सुमारे २,००० व्होल्ट सोडले. त्याचं स्वतःचं वाचनयंत्र काही चाललं नाही, आणि येणारे संदेश प्रत्यक्षात थॉमसनच्या आरशावरच वाचले गेले. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना ९८ शब्दांचा संदेश पाठवला, तो पोचायला १६ तास लागले. लोकांनी मात्र फटाके उडवले, मिरवणुका काढल्या.

या तारेची एक आठवण आपल्या देशाशी जोडलेली आहे. भारतात १८५७ चा उठाव दडपण्यासाठी कॅनडातून दोन पलटणी निघायच्या होत्या. त्यांची आता गरज नाही, असा निरोप ऑगस्टच्या शेवटी याच तारेतून गेला. ब्रिटिश सरकारचे त्यात ५०,००० पौंडांच्या आसपास वाचले. पलीकडच्या टोकाला तार किती ताकदीची गोष्ट आहे, हे राज्यकर्त्यांना कळलं ते असं.

पण तोवर तार मरत आली होती. तिच्या बनावटीत आधीच दोष होते, उघड्यावर पडून वेष्टण खराब झालं होतं, आणि वरून दोन हजार व्होल्टचा मारा. सप्टेंबर सुरू झाला आणि संदेश बंद पडले. कंपनीने व्हाइटहाउसला आधीच काढलं होतं. थॉमसनने साध्या बॅटऱ्यांवर, हलक्या हाताने तार जगवायचा प्रयत्न केला, पण वेळ निघून गेली होती. प्रचंड पैसा समुद्राच्या तळाशी गेला. तार कधी चाललीच नव्हती, सगळी फसवणूक होती, असंही लोक म्हणायला लागले.

हे वाचताना मला मामांचा प्लॉटर आठवला. मी आणलेला तो सिग्नल वाढवणारा डबा म्हणजे व्हाइटहाउसच्या कॉइलचंच पिल्लू होतं.

अंगुस्तानातली बॅटरी

या अपयशाची सरकारी चौकशी झाली. थॉमसनने तिथे मोजमापावर भर दिला. तांबं किती शुद्ध आहे, तारेचा रोध किती आहे, हे प्रत्येक टप्प्यावर मोजा, असा त्याचा आग्रह. पण मोजायचं कशात? तेव्हा विजेसाठी सगळ्यांना मान्य अशी एककंच नव्हती. १८६१ साली त्याच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने त्यासाठी समिती नेमली. आज आपण मल्टिमीटरवर ओहम वाचतो, त्यामागे हे काम आहे.

त्याच हिवाळ्यात बर्फावर खेळताना त्याचा पाय मोडला आणि तो कायमचा थोडा लंगडा झाला. तरी गडी जहाजावर जायचा थांबला नाही. १८६५ मध्ये ग्रेट ईस्टर्न या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या जहाजावरून नवी, जाड तार टाकताना ती भर समुद्रात तुटली. १८६६ मध्ये पुन्हा गेले. २७ जुलैला तार किनाऱ्याला लागली आणि चालली. एवढंच नाही, आदल्या वर्षी तुटलेली तारही समुद्राच्या तळातून उचलून पूर्ण केली. त्याच वर्षी थॉमसनला सर हा किताब मिळाला.

आता दोन तारा झाल्या होत्या. तेव्हा लॅटिमर क्लार्क नावाच्या इंजिनिअरने एक प्रयोग केला. न्यूफाउंडलंडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडायला लावल्या. म्हणजे जाऊन-येऊन एकच प्रचंड लांब तार झाली. मग शिवणकाम करताना बोटात घालतात ते चांदीचं अंगुस्तान घेतलं. त्यात थेंबभर ॲसिड आणि जस्ताचा तुकडा टाकून बॅटरी बनवली. एवढ्याशा बॅटरीचा सिग्नल अटलांटिक दोनदा ओलांडून परत आला, आणि थॉमसनच्या आरशाने तो स्वच्छ दाखवला!

दोन हजार व्होल्टने जी तार मारली, तेच काम एका अंगुस्तानाने केलं. फरक मागून दिलेल्या जोराचा नव्हता. तार चांगली होती आणि पलीकडचा कान तीक्ष्ण होता.

शाईची रेघ : डेटा लॉगरचा पूर्वज

आरशात एक उणीव होती. ठिपका हलला, माणसाने पाहिला, कागदावर लिहिला. पाहणाऱ्याची पापणी लवली तर तो क्षण गेला. मागे जाऊन पुन्हा बघता येत नाही.

म्हणून थॉमसनने १८६७ मध्ये सायफन रेकॉर्डरचं पेटंट घेतलं. केसासारखी बारीक काचेची नळी, तिच्यात शाई. सिग्नल आला की नळी डावी-उजवीकडे हलते आणि खाली सरकणाऱ्या कागदी पट्टीवर नागमोडी रेघ उमटते. नळी कागदाला घासली तर ती अडखळेल, म्हणून त्याने शाईला विजेचा भार दिला. शाई आपोआप बारीक थेंबांनी कागदावर उडते, नळी कागदाला टेकतच नाही. इंकजेट प्रिंटर आठवला ना?

आता सिग्नल नुसता आला की नाही एवढंच कळत नव्हतं. तो कसा आला, कुठे फसकटला, कुठे दबला, याचा आकार कागदावर राहत होता. आज बोटीवरचा इलेक्ट्रिशियन डेटा लॉग सेव्ह करून घरी नेतो आणि निवांत तपासतो, त्याची ही सुरुवात.

१८७० मध्ये याच ग्रेट ईस्टर्नने मुंबई ते एडन तार टाकली, आणि मुंबई समुद्रातल्या तारेने लंडनशी जोडली गेली.

लल्ला रूख आणि समुद्रावरची प्रयोगशाळा

१८७० च्या जून महिन्यात त्याची पत्नी मार्गारेट गेली. ती लग्नानंतर लवकरच आजारी पडली होती, आणि सतरा वर्षांचा तो संसार आजारपणातच गेला. त्याच वर्षी थॉमसनने १२६ टनांची एक शिडाची बोट विकत घेतली, लल्ला रूख. उन्हाळाभर तो तिच्यावरच राहू लागला. दुःख विसरायला घेतलेली बोट हळूहळू प्रयोगशाळा झाली.

पाण्याची खोली मोजायची म्हणजे तेव्हा जाड दोराला वजन बांधून सोडायचं. त्यासाठी जहाज थांबवावं लागे. थॉमसनने दोराऐवजी पियानोची पोलादी तार घेतली. ती बारीक, पाण्यात अडत नाही, झरझर खाली जाते. १८७२ मध्ये बिस्केच्या उपसागरात त्याने अशा तारेने सुमारे पाच किलोमीटर खोल तळ गाठला. पुढे चालत्या जहाजावरूनही खोली मोजता येईल असं यंत्र त्याने बनवलं. तारेच्या टोकाला काचेची नळी, आत रसायनाचा लेप. जितकं खोल जाल तितकं पाणी दाबाने नळीत वर चढतं आणि तिथपर्यंत लेपाचा रंग बदलतो. मामांच्या फिश फाइंडरचं काम हे यंत्र विजेशिवाय करत होतं.

मग होकायंत्र. त्याच्या एका संपादक मित्राने मासिकासाठी होकायंत्रावर लेख मागितला होता. लिहायला बसल्यावर थॉमसनच्या लक्षात आलं, की आपल्याला हे नीट समजलेलंच नाही. पहिला लेख १८७४ मध्ये आला आणि दुसरा पाच वर्षांनी! मधल्या काळात त्याने होकायंत्रच नवं बनवलं. लोखंडी जहाज सुईला खोटं बोलायला लावतं, तो खोटेपणा दुरुस्त करायची सोय त्याने त्यातच केली. ब्रिटिश नौदलाने ते अधिकृतपणे स्वीकारलं १८८९ साली.

भरती-ओहोटीचं गणित करणारं चाकांचं यंत्रही त्याचंच. त्याच कल्पनेवर १८७९ मध्ये खास भारतातल्या बंदरांसाठी यंत्र तयार झालं, आणि त्यावरून इथल्या बंदरांची भरतीची वेळापत्रकं निघू लागली.

त्याच्या दुसऱ्या लग्नाचीही एक गोष्ट सांगतात. १८७३ मध्ये तार टाकणारं जहाज बिघाडामुळे मदीरा बेटावर अडकलं. तिथे ब्लँडी कुटुंबातल्या मुलींना त्याने दिव्याने संदेश पाठवायला शिकवलं. पुढच्या वर्षी तो लल्ला रूख घेऊन परत गेला आणि बोटीवरून दिव्यानेच लग्नाची मागणी घातली. होकारही म्हणे दिव्यानेच आला! गोष्टीत मीठमसाला किती ते सोडा, पण १८७४ मध्ये फ्रान्सिस ब्लँडीशी त्याचं लग्न झालं हे खरं.

१८९२ साली तो लॉर्ड झाला. लॉर्ड होताना नवं नाव घेता येतं. त्याने ग्लासगो विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव घेतलं, केल्विन. म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात खरं तर एक नदी बसली आहे.

आणि जिथे तो चुकला

या माणसाला देव करायचा नाही. पृथ्वी किती वर्षांची, याचं गणितही त्याने फूरियेच्या उष्णतेवरूनच केलं. तप्त गोळा थंड व्हायला किती वेळ लागेल? शेवटी शेवटी तो दोन ते चार कोटी वर्षांवर आला आणि तिथेच अडून बसला. भूगर्भशास्त्रज्ञ सांगत होते की खडकांकडे बघता एवढा काळ पुरणार नाही. त्याने ऐकलं नाही. आज आपल्याला माहीत आहे, पृथ्वीचं वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षं.

त्याची बेरीज चुकली नव्हती. पृथ्वीच्या पोटातलं उष्णतेचं वागणं त्याला पूर्ण माहीत नव्हतं, आणि त्यात आणखी काही असेल हे मानायला तो तयार नव्हता. समुद्रावर आधी बघणारा माणूस इथे आधी ठरवून बसला. वाचताना मला जरा बरंच वाटलं. आपल्यासारखे चुकतात, पण केल्विनही चुकतो.

१८९९ मध्ये तो निवृत्त झाला आणि लगेच त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून नाव घातलं. १७ डिसेंबर १९०७ ला स्कॉटलंडमधल्या लार्ग्ज इथल्या घरी तो गेला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या शेजारी त्याला पुरलं. त्याच्या उपकरणांच्या व्यवसायातून पुढे केल्विन ह्यूज ही कंपनी झाली. तिचे रडार जगभरच्या जहाजांवर लागले.

परत हर्णैला

दुसऱ्या खेपेला मी गेलो तेव्हा मामांनी नवा प्लॉटर बसवला होता. खोलीचा आकडा तरीही मधूनच जायचा. म्हणजे आधीचा प्लॉटर बिचारा निर्दोष होता.

या वेळी मी काहीच बदललं नाही. फिश फाइंडरच्या वायरवर फक्त ऐकणारा कन्व्हर्टर लावला, लॅपटॉपवर वेग ४८०० ठेवला आणि बसलो. बोट बंदरात, इंजिन बंद. वाक्यं एकामागून एक स्वच्छ येत होती. डॉलर, अक्षरं, खोली, चांदणी, चेकसम. सगळं जुळत होतं. अर्धा तास झाला, एकही चूक नाही.

मग मामांना इंजिन चालू करायला सांगितलं. दोन-तीन मिनिटांत वाक्यं फुटायला लागली. मध्येच वेडीवाकडी अक्षरं, चेकसम जुळेना. इंजिन बंद, वाक्यं परत स्वच्छ. आता वायरच्या मागे मागे गेलो. केबिनखाली ती अल्टरनेटरच्या जाड केबलला चिकटवून, एकाच पट्टीत बांधली होती. जाड केबलमधला गोंगाट शेजारच्या बारीक वायरमध्ये शिरत होता. प्लॉटर नियमाप्रमाणे बिघडलेली वाक्यं फेकून देत होता, म्हणून आकडा गायब.

पीळ दिलेली, वर जाळी असलेली वायर आणली, जाड केबलपासून लांबून नेली. खर्च काही शे रुपये. सिग्नल कमजोर कधीच नव्हता. मी जोर वाढवत बसलो असतो तर सगळी यंत्रं जाळली असती. त्या रात्री मामा बंदरात शिरताना मी केबिनमध्येच उभा होतो. खोलीचा आकडा एकदाही गेला नाही. नांगर टाकल्यावर मामांनी माझ्या हातात चहाचा ग्लास दिला, तेवढंच.

तुम्हीही करून बघा

यासाठी बोट लागत नाही. तुमच्या फोनमधली जीपीएस चिपसुद्धा हीच एनएमईएची वाक्यं बोलते. अँड्रॉइड फोन असेल तर जीपीएस तपासणारी बरीच मोफत ॲप्स मिळतात, त्यातल्या काहींमध्ये एनएमईए नावाचा टॅब असतो. मोकळ्या आकाशाखाली उभं राहून तो उघडा. डॉलरने सुरू होणारी वाक्यं धावताना दिसतील. ज्या वाक्याच्या सुरुवातीच्या अक्षरांत जीजीए असेल, त्यात वेळ, अक्षांश, रेखांश आणि किती उपग्रह वापरले हे सगळं असतं. मग घरात जा, खिडकीपासून लांब. उपग्रहांचा आकडा कसा घसरतो ते बघा. पुढच्या वेळी मॅप तुम्हाला भलत्याच गल्लीत दाखवेल, तेव्हा फोन रीस्टार्ट करण्याआधी हे एकदा उघडून बघा.

आणि एखाद्या मित्राचं वायफाय, स्पीकर, गाडीचं सेन्सर, काहीही बंद पडलं आणि तुमचा हात लगेच नवीन पार्ट मागवायला गेला, तर तो रेशमाच्या धाग्यावरचा चिमुकला आरसा आठवा. आधी बघा. मग लिहून ठेवा. हात त्यानंतर लावा.